खालून हाक मारायची नाही

"मागे घ्या," मी म्हटलं. "तो काय मागे जावचो नाय."

"घेतंय गो. आराडतंस कित्याक?"

समोर ट्रॅक्टर उभा होता. त्याच्यावर बसलेला लालबुंद तोंडाचा शेतकरी आमच्याकडे बघून निवांत हात हलवत होता. रस्ता कसला, आमच्या देवगडकडे दोन गडग्यांमधून जाते तसली पाणंद, फक्त डांबराची. दोन्ही बाजूंना डोक्यावर जाणारी काटेरी कुंपणं. आमची गाडी एवढीशी, तरी तिचे दोन्ही आरसे त्या काट्यांना घासत होते. हे मान पिरगाळून गाडी मागे घेत होते आणि मी मांडीवरच्या वर्तमानपत्रातली जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत होते. जाहिरातीत दोन ट्रकांचे फोटो होते. एक निळा, एक पांढरा. काम बंद करायचंय म्हणून विकायचेत, असं लिहिलं होतं.

"मी सांगून ठेवतंय," मी म्हटलं, "आपण पांढरोच घेवचो."

"माका निळो होयो."

"निळ्यात काय ठेवलाहा?"

गप्प बसण्यात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका शेताच्या फाटकात गाडी कशीबशी घुसवली, ट्रॅक्टर निघून गेला, शेतकऱ्यानं टोपी उचलून आभार मानले. आम्ही पुढे निघालो, दोघंही फुगलेले.

ही वेल्समधली गोष्ट. वीस वर्षं होत आली. मी कुंदा मिठबावकर, हाडांच्या वॉर्डातली नर्स. इथल्या रुग्णालयांनी भारतातून नर्स बोलावल्या त्या लोंढ्यात मी आले, आणि वर्षभरानं हे आले, चार वर्षांच्या केतकीला कडेवर घेऊन. ह्यांचं नाव पुढे येईलच. तेव्हा मी ते घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यामुळे इथेही मी तेव्हासारखं 'हे'च म्हणते.

आता माझ्या नवऱ्याला इथे काम काय मिळणार? पहिलं वर्ष एका हॉटेलात भांडी घासली. माणूस वाळत चालला. मग एक दिवस संध्याकाळी घरी आले ते डोळे लकाकत. बागेत त्यांनी दोर बांधून झाडावर चढलेली माणसं बघितली होती.

"कुंदा, ऐकलंस? हंय झाडार चढणाऱ्याक सर्जन म्हणतत गो! ट्री सर्जन!"

मी हसून हसून बेजार. आमच्या वॉर्डातल्या सर्जनना हे सांगितलं असतं तर त्यांना घेरीच आली असती. पण ह्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तेच काम. सासरे पाडेली होते, म्हणजे लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडून देणारे. ते माडावरूनच पडून गेले, हे लहान असताना. पावसात पाय सटकला, असं मी ऐकलं होतं. यापेक्षा जास्त त्या घरात कुणी बोलत नसे, आणि मीही कधी विचारलं नाही.

तर ह्यांनी तिथे मजुरी धरली, परीक्षा दिल्या, आरीचं प्रमाणपत्र घेतलं, आणि स्वतःचं लहानसं काम सुरू केलं. वरचं काम ह्यांच्या हातात असं बसलं होतं की पूर्वीचा मालक मला बाजारात थांबवून सांगे, तुझा नवरा झाडावर चालत नाही, नांदतो. मला ते ऐकून अभिमान वाटायचा आणि भीतीही. कारण मी ह्यांना चढताना कधी बघितलंच नव्हतं. बघवायचं नाही. कधी जेवणाचा डबा घेऊन गेलेच तर झाडाकडे पाठ करून उभी राहायचे.

आणि एक नियम होता. वर चढलेल्या माणसाला खालून हाक मारायची नाही. लग्न होऊन मी नवी नवी घरात आले तेव्हा चुलत दीर माडावर होता आणि मी अंगणातून म्हटलं, "भावोजी, चाय..." पुढचा शब्द तोंडातच राहिला. सासूबाई पडवीतून धावत आल्या आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. खरंच, हातच ठेवला. "वर चढलेल्या माणसाक खालसून हाक मारूची नाय गो बाय. कधी म्हणजे कधी नाय." मला वाटलं, असेल पाडेल्यांची रीत. दृष्ट लागते, देव कोपतो, तसलं काहीतरी.

ती रीत ह्यांनी बोटीत नाही, विमानात घालून वेल्सला आणली. हाताखाली जो माणूस ठेवत त्याला पहिल्याच दिवशी सांगत, मी वर असताना ओरडायचं नाही, मला गरज लागली की मीच खाली बघेन. आता इथल्या कामात तर उलट आहे. वरचा आणि खालचा सारखे एकमेकांना ओरडून सांगत असतात. फांदी येतेय, दोर सोड, बाजूला हो. आणि वर कुणी अडकला तर दुसऱ्यानं दोर घेऊन चढून त्याला उतरवायचं, म्हणून खाली शिकलेला माणूस लागतोच, तसा कायदाच आहे. ह्यांच्याकडे माणूस टिकेना. एकामागून एक तिघं गेले. शेवटचा गॅरेथ, चांगला मुलगा, जाताना मला म्हणाला, "मिसेस, ज्याला हाक मारायची चोरी, त्याच्यासाठी मी खाली उभा कशाला राहू?"

त्याच आठवड्यात माझ्या वॉर्डात डिलन आला. तोही झाडं कापणाराच, बावीस-तेविसाचा, पाठीचा कणा मोडलेला. मी त्याचं अंग पुसायचे, कूस बदलायचे आणि दर वेळी मला तिथे दुसराच चेहरा दिसायचा. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे.

म्हणून मला पांढरा ट्रक हवा होता. त्याला लांब यांत्रिक हात होता आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी टोपली. बटण दाबायचं, वर जायचं, फांदी कापायची, खाली यायचं. चढणं नाही, लोंबकळणं नाही. घरात ऐपत एकाच ट्रकाची होती. एकदा घेतला की घेतला. ह्यांनी निळा घेतला तर हा माणूस म्हातारा होईपर्यंत दोरावर लोंबकळणार, आणि मी म्हातारी होईपर्यंत रुग्णालयातल्या फोनकडे बघत बसणार. हे सगळं मला गाडीत बोलायचं होतं. बोलले मात्र एवढंच, "निळ्यात काय ठेवलाहा?"

ट्रक विकणाऱ्या एम्रिसचं शेत टेकडीच्या पोटात होतं. तो दारातच उभा होता. उंच, पण आता कमरेत वाकलेला, चालताना दोन्ही गुडघे कुरकुरताहेत हे मला लांबून कळलं. नर्सची नजर. त्याची बायको माइर हात पुसत बाहेर आली. ठेंगणी, गोल, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले.

"ट्रक कुणाला हवाय?" एम्रिसनं विचारलं.

"दोघांनाही," मी म्हटलं. "पण वेगवेगळा."

माइर एवढ्या जोरात हसली की कुत्रा भुंकायला लागला.

एम्रिसनं आधी निळा दाखवला. टिपर होता तो. मागची पेटी उचलून माल ओतणारा. त्याच्या पाठीला जोडलेलं चिपर, म्हणजे फांद्या गिळून भुगा करणारं यंत्र. एम्रिसनं ते चालू केलं आणि मनगटाएवढी फांदी त्याच्या तोंडात दिली. काय तो आवाज! क्षणात फांदीचा पत्ता नाही. हे वाकून पाती बघत होते, पेटीच्या बिजागऱ्यांवर हात फिरवत होते, जत्रेत बैल बघावा तसे.

"ओला भुगा दिसतो तेवढा हलका नसतो," एम्रिस ओरडून सांगत होता. "पावसाळी दिवस असला की निम्मीच पेटी भरायची. हाव केलीत तर ट्रक रस्त्यात बसेल."

"दोर आणि हार्नेस पण विकतलास काय, विचार," हे मला हळूच म्हणाले. हार्नेस म्हणजे चढणारा कमरेला आणि मांड्यांना बांधतो तो पट्टा. मी विचारलं.

एम्रिसनं मान हलवली. "ट्रक जुना चालतो. दोर आणि पट्टा नेहमी नवा. माझा दोर कुठे कुठे घासलाय, हे तुम्हाला कसं कळणार? तो मी कापून जाळणार आहे."

मग माझा पांढरा. तो अंगणाच्या पुढच्या भागात उभा होता, धुऊन पुसून, नवरदेवासारखा. मी एम्रिसला म्हटलं, "मला वर न्या." हे चमकून माझ्याकडे बघायला लागले. मी बघितलंच नाही त्यांच्याकडे. एम्रिसनं मला पट्टा बांधला.

"टोपलीतही पट्टा लागतो?" मी विचारलं.

"टोपलीतून पडलं तरी जमीन तेवढीच कडक असते, बाई."

आधी ट्रकाचे चार लोखंडी पाय बाहेर काढून जमिनीत रोवले, त्यातच बराच वेळ गेला. मग आम्ही वर निघालो. अगो बाई, काय सांगू! छपरं खाली गेली, मेंढ्यांचे ठिपके झाले, लांब समुद्राची रेघ दिसायला लागली. मला भीती म्हणून वाटली नाही. मला वाटलं, झालं, सुटले मी. हाच घ्यायचा.

"ते झाड दिसतं?" एम्रिसनं घरामागे बोट दाखवलं. परसात एक जुना उंच सिकॅमोर होता. "या ट्रकानं मी गावोगावची झाडं कापली. पण माझ्या स्वतःच्या परसातलं ते झाड मला याच्यानं कधी कापता आलं नाही. घर आणि गोठा यांच्यामध्ये फट बघा केवढी आहे. तुमच्याकडे कामं येतात ती कुठली?"

कामं घरामागचीच असायची. लहान माणसाला लहान बागा. मोठ्या रस्त्यावरची झाडं मोठ्या कंपन्यांना जातात.

"शिवाय हा चालवायला जड गाडीचं लायसन्स लागतं."

"ते काढता येईल."

"येईल की. तुम्ही आत्ता आलात तो रस्ता रुंद करता येईल?"

मला ट्रॅक्टर आठवला. काट्यांना घासणारे आरसे आठवले. हा पांढरा नवरदेव तिथून जायचा कसा? एम्रिस स्वतः मागच्या, मोठ्या रस्त्यानं सात मैलांचा वळसा घालून न्यायचा, असं म्हणाला. टोपली खाली येईपर्यंत माझी सुटका कुठल्या कुठे गेली होती. पाय जमिनीला लागले आणि डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता!

"घेवच नका मग कायव!" मी ह्यांना म्हटलं, सगळ्यांच्या देखत. "निळो नको नि पांढरो नको. जावा परत भांडी घासूक. भांडी घासताना कोण पडना नाय."

हे मान खाली घालून बुटाच्या टोकानं माती उकरत राहिले. माइरला मालवणी कळायचं कारण नव्हतं, पण तिला कळलं. तिनं माझ्या हातात चहाचा मोठा मग दिला आणि तिथेच, माझ्या शेजारी उभी राहिली.

एम्रिस घसा खाकरून ह्यांना म्हणाला, "जय, तुझा दोर आहे गाडीत? चढून दाखव मला. माझा ट्रक कुणाकडे जातोय ते तरी बघू दे."

हे एकदम खुलले. दोर, हार्नेस, हेल्मेट काढून परसात गेलेसुद्धा. आम्ही मागून गेलो, त्या फटीतून, एकामागून एक. मी झाडाकडे पाठ केली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत चहा प्यायला लागले.

"बघत नाहीस?" माइरनं विचारलं.

"नाही."

"मी सगळी वर्षं बघितलं. मीच तर होते खाली. एम्रिसचा खालचा माणूस मीच." तिनं आपले हात दाखवले. दोराचे घट्टे होते त्यांच्यावर, जुने, पिवळट.

मागून एम्रिसचं कौतुक ऐकू येत होतं. "हं... वा... अरे वा." खिडकीच्या काचेत झाडाची सावली हलत होती. आणि मग एम्रिसचा आवाज एकदम बदलला.

"जय! थांब! तुझ्या डोक्यावर बघ!"

काही उत्तर नाही.

"जय! वर मोडकी फांदी अडकलीय! दोर हलवू नकोस! उजवीकडे सर, उजवीकडे!"

माझ्या हातातला मग खाली पडला. तरी मी वळले नाही. खरं सांगते, मान वळेना.

"तो हलत नाहीये," माइर म्हणाली. "खोडाला मिठी मारून बसलाय. डोळे मिटलेत त्यानं."

एम्रिस आणखी जोरात ओरडायला लागला, आणि मला लख्ख कळलं की तो जेवढा ओरडेल तेवढा हा माणूस आणखी गोठेल. पांढरा ट्रक इथे येणार नव्हता. एम्रिसच्या गुडघ्यांनी त्याला वर जाऊ दिलं नसतं. माइरनं माझा दंड धरून मला गर्रकन वळवलं.

"आमचं ऐकत नाही तो. तू हाक मार."

मी पहिल्यांदा वर बघितलं. माझा नवरा आकाशात होता, एवढासा. त्याच्या वर, मोठ्या बेचक्यात, वाऱ्यानं मोडलेली माणसाएवढी फांदी तिरपी अडकली होती आणि दोराच्या प्रत्येक हिसक्यासरशी डुलत होती. सासूबाईंचा हात माझ्या तोंडावर आल्यासारखा वाटला. हाक मारली आणि पडला तर? नाही मारली आणि फांदी आली तर?

"अहो!" मी ओरडले.

काही नाही. वारा होता. आणि अहो काय, जगातल्या कुठल्याही बाईचा कुठलाही नवरा अहोच.

"जयवंऽऽत!"

त्यानं डोळे उघडले.

"जयवंता, हंय बघ! माझ्याकडे बघ! मी आसंय खाली! उजव्या हाताक सर. उजव्या! हां, तसोच. अजून. दोर ओढू नको, पायान सर. अजून जरा... धर ती फांदी. धरलंस? घट धर!"

अहो-जाहो सगळं त्या परसातल्या चिखलात पडलं. तो माझ्या तोंडाकडे बघत बघत इंचाइंचानं उजवीकडे सरकला. दोर सैल झाला, वरचं बेचकं हाललं आणि ती फांदी करकरत सुटली, जिथे त्याचं डोकं होतं तिथून सरळ खाली आली आणि गोठ्याच्या भिंतीला आपटून तिचे दोन तुकडे झाले.

कुत्रासुद्धा भुंकला नाही. मग वरून आवाज आला, बारीक.

"कुंदा, मी येतंय गो खाली."

खाली आल्यावर तो हार्नेस न सोडताच मुळाशी बसला. मी नाडी बघितली, सवयीनं. एम्रिस त्याच्यासमोर लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

"मी हाक मारली आणि तू गोठलास," एम्रिस म्हणाला. रागानं नाही. "का?"

जयवंतचं इंग्रजी मोडकंतोडकं. पण तो एम्रिसशी बोललाच नाही. तो माझ्याशी बोलला, मालवणीत, जमिनीकडे बघत.

"आबांका मी हाक मारलेलंय."

मला आधी कळलंच नाही.

"आयेन माका धाडलेल्यान. आबांका बोलव म्हणान. मी माडाच्या बुडात गेलंय नि आराडलंय, आबा, येवा खाली, पेज थंड होता. तेनी खाली बघितल्यानी. माका बघून हसले. नि..."

पुढे बोलणं झालं नाही. नऊ वर्षांचं पोर होतं ते तेव्हा. इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले, त्याचं पोर वाढवलं, आणि मला वाटत होतं पावसात पाय सटकला.

"आये कायच बोलाक नाय," तो म्हणाला. "माका कधीच कायच बोलाक नाय. फकत दुसऱ्या दिसापासून सांगूक लागली, हाक मारूची नाय."

सासूबाईंचा तो हात आठवला मला. मला गप्प करायला नव्हता तो. पोरगा घरात होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ठेवला होता. मला रडू फुटलं. मी तिथेच चिखलात त्याच्याजवळ बसले आणि रडले.

एम्रिसनं माझ्याकडे बघितलं. मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. तो बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

"तुझ्या वडलांच्या कमरेला दोर होता?" त्यानं शेवटी विचारलं.

जयवंतनं मान हलवली. नव्हता. पाडेल्याला कुठला दोर? पायात काथ्याची खळ, म्हणजे पकडीसाठीचं दोरीचं कडं, आणि कमरेला कोयता.

"मग तो दोर नव्हता म्हणून पडला, पोरा. तुला बघून तो हसला, एवढंच तुझं." मग उठता उठता म्हणाला, "आज तुला हाक मारली नसती तर तू मेला असतास."

माइर आत गेली आणि शिवणाची टेप घेऊन आली. मला उभं केलं आणि कमर मोजायला लागली, मग मांड्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हार्नेसचं माप. नवाच घे, एम्रिस म्हणतो ते खरं आहे." टेप दातात धरून ती बोलत होती. "तो फक्त तुझी हाक ऐकतो. मग खाली दुसरं कोण उभं राहणार?"

"मी नर्स आहे!"

"मी शिंपीण होते."

आम्ही निळा ट्रक घेतला. एम्रिसनं चिपरची जास्तीची पाती फुकट दिली. जाताना त्या पाणंदीतून निळा ट्रक मी चालवला, जयवंत मागून गाडी घेऊन आला, आणि दोन्हीकडचे काटे पेटीला घासत राहिले. पांढरा पुढे शहरातल्या कुणा कंपनीनं नेला.

मी वॉर्डातल्या पाळ्या कमी करून घेतल्या आणि चढायला शिकले. पस्तिशी उलटलेली बाई, वर अडकलेल्या माणसाला उतरवायची परीक्षा द्यायची म्हणजे माणसाएवढा जड बाहुला घेऊन झाडावरून खाली यायचं. पहिल्यांदा मी त्या बाहुल्यावरच ओरडले, "अगो बाय माझे, हल नको!" परीक्षक हसून हसून खाली बसला. पण पास केलं मला. त्यानंतर कितीतरी झाडं आम्ही दोघांनी केली. वर पोचला की जयवंत आरी चालू करायचा नाही. थांबायचा. मी खालून नावानं हाक मारली की मगच चालू करायचा. गावातल्या लोकांना ते नाव पाठ झालं. बाजारात पोरं माझ्यामागून ओरडायची, जयवंऽऽत! मी वळून त्यांना बोट दाखवायचे आणि हसायचे. ते दिवस आठवले की अजून नाकात ओल्या भुग्याचा वास येतो.

एम्रिस गेला. माइर आता मुलीकडे असते, तिला कमी ऐकू येतं. निळा ट्रक आमच्या घरामागे उभा आहे. पेटीला गंज लागलाय, पण विकवत नाही. जयवंतचे गुडघेही एम्रिससारखे झाले. नवा ट्रक आता केतकी चालवते. शिकली भरपूर, शहरात नोकरी केली, आणि एक दिवस परत येऊन म्हणाली, मला झाडावर चढायचंय. आम्ही काय बोलणार?

ती पहिल्यांदा आमच्यासोबत कामावर चढली तो दिवस मला आठवतो. एका शाळेमागचं ओकचं झाड. मी दोरापाशी होते. जयवंत बुंध्यापाशी उभा, हाताची घडी, जबडा आवळलेला. माझ्या हाकेची त्याला सवय झाली होती. पण स्वतः त्यानं वर चढलेल्या माणसाला कधी हाक मारली नव्हती. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून एकदाही नाही. केतकीला हे ठाऊक नव्हतं. आम्ही सांगितलंच नव्हतं.

ती वर पोचली. बसली. थांबली.

"बाबा!" ती वरून ओरडली. "हाक मारा ना! आई मारते तशी! मी सुरू कशी करू?"

जयवंतनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. मी मारली असती तर सोपं झालं असतं. मला ते सोपं करायचं नव्हतं.

त्यानं घसा साफ केला. दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"केतकीऽऽ!"

"ओऽऽ!"

ती खाली वाकली. त्याच्याकडे बघून हसली. जयवंतच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी पुढे झाले, पण ती तशीच बसून होती, फांदीवर, दोरावर, दोन्ही पाय हलवत.

"बोला की! काय म्हणताय?"

मला वाटलं, आता हा बोलायचा नाही. मग तो ओरडला, सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढ्यानं.

"ये गो खाली, पेज थंड होता!"

"पेज? कसली पेज? आत्ता तर चढले मी!"

"ये म्हटलंय ना!"

ती हसत हसत, बापाला वेड लागलं म्हणत, सावकाश दोरावरून उतरायला लागली. जयवंतनं माझ्या हातातलं दोराचं टोक घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, आणि तिचे बूट गवतात टेकले तरी त्यानं ते सोडलं नाही. मी ट्रकापाशी गेले आणि तिघांना चहा ओतला.